दारात आलेली मांजर गाभण निघाली तर

साताऱ्याच्या जुन्या पेठांत मांजर सहसा कुणी विकत आणत नाही. मंगळवार पेठेत, चिमणपुऱ्यात कौलांवरून किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीवरून ती आपली आपण येते. चार दिवस वाटीला तोंड लावून निघून जाते आणि महिन्याभरात दिवाणावर पाय ताणून झोपायला लागते. तोवर तिचं नाव 'मनी' पडलेलं असतं. मग एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की मनीचं पोट काही नुसत्या खाण्यानं वाढलेलं नाही.

इथून घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मांजरच ती, व्यायची तेव्हा व्याईल, आपण कशाला मध्ये पडा? दुसऱ्या तटात बहुधा आजी असते. ती माणसाच्या बाळंतपणाचा सगळा सरंजाम मनात मांडून मोकळी होते: दूध वाढवा, भातावर तूप घाला, खोलीला ओव्या-शेपांची धुरी द्या, पिल्लं झाली की गल्लीतल्या पोरांना बघायला बोलवा. यातलं जवळजवळ काहीच मांजरीला मानवत नाही. पहिल्या तटाचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्यायचं कसं हे मांजरीला शिकवावं लागत नाही, आणि त्या पाच-सहा तासांत माणसाला काम फार थोडं असतं. आपली गरज लागते ती आधीच्या महिन्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत. नेमकं तेव्हाच घरात कुणाचं लक्ष नसतं.

दिवस कसे ओळखायचे

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ भरतात, दोन-चार इकडे-तिकडे. पण रस्त्यावरून आलेल्या मांजरीच्या बाबतीत मोजायला सुरुवात कुठून करणार? तेव्हा अंगावरच्या खुणा बघाव्या लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी होतात आणि जरा उठून दिसतात. पहिलटकरणीत हे चटकन कळतं. पाचव्या आठवड्यापासून पोट दोन्ही बाजूंनी गोल दिसायला लागतं. शेवटच्या पंधरवड्यात ती कुशीवर निवांत झोपली असेल तर कातडीखाली पिल्लांची वळवळ नजरेला दिसते. हे बघायला हात लावायची गरज नाही. पोट चाचपून 'किती आहेत' ते सांगणारे जाणकार प्रत्येक गल्लीत असतात, त्यांना चहा पाजावा आणि मांजरीपासून लांब बसवावं. दाबल्यानं गर्भाला इजा होऊ शकते.

पोट वाढलं म्हणजे गाभणच, असंही नाही. जंतांनी पोट फुगतं, आजारानं पोटात पाणी होतं, गर्भाशयात पू साठला तरी पोट मोठं दिसतं आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. म्हणून एकदा पशुवैद्याला दाखवणं आलंच. साधारण २०-२५ दिवसांनंतर सोनोग्राफीत गर्भ दिसतात, थोड्या दिवसांनी त्यांची हृदयं हलताना दिसतात. संख्या मोजायला मात्र एक्स-रे लागतो, तोही पिल्लांची हाडं दिसण्याइतकी झाल्यावर, म्हणजे ४५ दिवसांच्या पुढे. त्या दिवसांत काढलेल्या एखाद्या एक्स-रेची धास्ती बाळगू नये. संख्या कळण्याचा उपयोग व्यायच्या रात्री होतो: चार आहेत हे माहीत असेल आणि तीनच बाहेर आली, तर अजून एक आत आहे हे तुम्हाला कळतं. नाहीतर तुम्ही निश्चिंत होऊन झोपायला जाता.

डॉक्टर आधी ठरवून ठेवा, हे मी सगळ्यात आग्रहानं सांगेन. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बराचसा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांचा असतो. शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टर आहेत. पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. ज्यांच्याकडे जाणार त्यांना दोन प्रश्न आधीच विचारून घ्या. मांजरीचं सिझेरियन तुमच्याकडे होतं का? आणि रात्री अडलं तर कुणाला फोन करायचा? रात्री दोन वाजता दार ठोठावत हिंडण्यापेक्षा हे दुपारी चार वाजता विचारलेलं बरं.

आणखी एक गोष्ट त्याच भेटीत निघते. दिवस फार गेले नसतील तर गर्भ असतानाच गर्भाशय काढून टाकायची शस्त्रक्रिया करता येते. हे ऐकून घरात शांतता पसरते, मला माहीत आहे. पण मनी स्वतःच सहा-सात महिन्यांचं पोर असेल, हाडं दिसत असतील, आणि चार पिल्लांना घरं मिळायची काही शक्यता नसेल, तर हा पर्याय क्रूर म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. निर्णय डॉक्टरांशी बोलून घरच्यांनी घ्यायचा.

इतकी लहान मांजर गाभण राहतेच कशी, हा प्रश्न हमखास येतो. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. दिवस मोठे व्हायला लागले की माज सुरू होतो आणि आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फारसा लहान होत नसल्यानं तो जवळपास वर्षभर चालतो. शिवाय मांजरीत स्त्रीबीज सहसा आपोआप सुटत नाही, बोक्याच्या संगानं सुटतं. त्यामुळे माजावर असताना बाहेर गेलेली मांजर सहसा रिकामी परत येत नाही. एकाच वेतात दोन वेगळ्या बोक्यांची पिल्लं असणंही शक्य असतं.

ताटात काय वाढायचं

दूध-पोळी आणि दूध-भात यांवर मांजर जगताना दिसते, पण ती जगते उंदीर, पाली आणि शेजारच्या घरातल्या मासळीवर. मांजर निखळ मांसाहारी प्राणी आहे. तिला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि भाकरी-डाळीत तर नसतोच. तो कमी पडला तर गर्भ पोटातच जिरतात, पिल्लं कमी आणि अशक्त होतात, आणि पुढे मनीचं स्वतःचं हृदय आणि डोळे अधू होऊ शकतात. दुधाची गोष्टही तशीच. बहुतेक मोठ्या मांजरींना दुधातली साखर पचत नाही, ढाळ लागतात आणि गाभण मांजरीला ढाळ परवडत नाहीत.

सगळ्यात सोपं म्हणजे बाजारात मिळणारं पिल्लांसाठीचं खाद्य. पाकिटावर 'किटन' असं लिहिलेलं असतं. ते मोठ्या मांजरीच्या खाद्यापेक्षा प्रथिनांनी आणि कॅल्शियमनं भरलेलं असतं आणि गाभणपणापासून अंगावरचं दूध सुटेपर्यंत तेच चालतं. ज्या घरात मांस शिजत नाही तिथेही यानं प्रश्न सुटतो. ताजं द्यायचं असेल तर नुसत्या पाण्यात शिजवलेलं चिकन, त्यातलं काळीज-हृदय थोडंसं, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यानं मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कोल्हापुरी रश्श्यातून धुऊन काढलेला तुकडा म्हणजे कांदा-लसूण नाही, असं होत नाही. सुकट-बोंबील खारे असतात, ते चवीपुरतेच. आणि मांस कच्चं नको.

शेवटच्या तीन आठवड्यांत तिची भूक नेहमीच्या दीडपट होते, पण पोटात जागा उरत नाही. म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा. व्याल्यानंतर दूध पाजताना हीच भूक दुपटी-तिपटीवर जाते आणि तेव्हा हात आखडता घेऊ नये. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका. गाभणपणात वरून दिलेल्या जास्तीच्या कॅल्शियमनं शरीराची स्वतःची व्यवस्था सुस्तावते आणि दूध उतरल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळू शकतं.

फिनेल, गोळ्या आणि लस

घरात येणाऱ्या पाहुणीसाठी आपण आधी काय करतो? फिनेलनं फरशी पुसतो. इथेच गडबड आहे. फिनॉल वर्गातली रसायनं मांजरीचं यकृत नीट निकाली काढू शकत नाही. फिनेल, डेटॉल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी तत्सम जंतुनाशकं तिच्या पायांना लागतात, ती पाय चाटते, आणि विष पोटात जातं. तिच्या खोलीपुरतं साबण आणि गरम पाणी पुरे. कापूर आणि डांबरगोळ्याही विषारीच. मांजर व्यायला साड्यांच्या कपाटात शिरते आणि साड्यांत डांबरगोळ्या असतात, हे लक्षात असू द्या.

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते. ताप वाटला, कण्हली, म्हणून घरातली अर्धी गोळी चुरून देणारे लोक मायेपोटीच देतात, पण देऊ नका. माणसाचं कुठलंच वेदनाशामक तिला चालत नाही. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पिसवांच्या थेंबांतलं परमेथ्रिनही मांजरीला झटके आणतं. पिसवा झाल्या असतील तर उवांची बारीक फणी फिरवा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून पिसवा मारा. पुढे लहान पिल्लांचं रक्त पिऊन त्यांना मारण्याइतक्या पिसवा अंगावर असू शकतात, तेव्हा हा कंटाळवाणा उद्योग आत्ताच उरकलेला चांगला. जंताचं औषध गाभणपणात चालणारं असतं, ते डॉक्टर देतील.

लसीबद्दल एक सावधगिरी. मांजरांच्या नेहमीच्या लसीत काही वेळा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. गाभण मांजरीला ती दिली तर पिल्लांच्या, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते आणि ती आयुष्यभर लडखडत चालतात. म्हणून लस टोचण्याआधी 'ही गाभण असावी' हे डॉक्टरांना तुम्ही सांगितलं पाहिजे. पोट दिसत नसताना त्यांना कळायला मार्ग नाही. आणि तिनं तुम्हाला ओरबाडलं किंवा चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद-चुना भरत बसू नका.

घरात माणसाच्याही गर्भारपणाचे दिवस असले तर मांजरीला बाहेर काढा, असा धोशा सुरू होतो. कारण असतं टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी. तो मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरं. पण बहुतेक मांजरी आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर काही आठवडे तो टाकतात, आणि बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे मांजरीच्या शी-शूचं मातीचं घमेलं रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ केलं, हात धुतले, की धोका खूप कमी होतो. अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी, उघड्या हातांनी केलेली बागेतली खुरपणी या वाटांनीही हा परजीवी येतो. सुनेनं मांजरीला कुरवाळलं म्हणून काही होत नाही.

जागा

मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या. टीव्हीचा असला तर उत्तम. पुढून कापताना खाली चार-पाच बोटं उंबरठा राखा, म्हणजे मनीला ओलांडता येईल आणि पिल्लू लोळत बाहेर येणार नाही. आत वर्तमानपत्रांचा थर, त्यावर जुनी सुती साडी किंवा पंचा. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. गोधडी प्रेमाची असली तरी तिच्या जाड घडीत पिल्लू सापडतं आणि आई त्यावर बसते. खोका अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात, माणसांच्या वाटेपासून लांब. पावसाळ्यात आपल्याकडची भिंत ओल धरते, तेव्हा खाली पाट किंवा थर्माकोल. दोन आठवडे आधी ठेवा आणि जेवण तिथेच जवळ द्या, म्हणजे तिला त्या जागेचा वास सवयीचा होईल.

एवढं करून ती माळ्यावर जाऊन व्याली तर राग मानू नये. तिनं निवडलेली जागा सुरक्षित असेल तर खोका तिकडे न्यावा. शेवटच्या दहा-बारा दिवसांत मात्र तिला बाहेर सोडू नका, नाहीतर ती जळणाच्या खोपीत किंवा रिकाम्या वाड्यात व्याते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. हे माणसाळलेल्या मांजरीसाठी. जी अजून हाताला लागत नाही, तिला खोलीत कोंडलं तर घाबरून ती पिल्लांनाच इजा करेल. तिच्यासाठी गोठ्यात किंवा जिन्याखाली आडोसा, खाणं आणि पाणी एवढंच करावं.

कळा

आदल्या दिवशी खाणं सुटतं, ती कपडे उकरते, खोक्यात जाते-येते, स्वतःला चाटत राहते. काही मांजरी माणसाला सोडत नाहीत, काही दडून बसतात. धापही लागते आणि त्याच वेळी घुरघुरही चालू असते. अंगाचं तापमान एरवी १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते १०० च्या खाली येतं. पण कालपरवा रस्त्यावरून आलेल्या मांजरीला थर्मामीटर लावायच्या भानगडीत मी पडणार नाही, तुम्हीही पडू नका. हा पहिला टप्पा सहा ते बारा तासांचा, पहिलटकरणीला दिवसभराचाही.

मग जोर सुरू होतो. पाणमोटीत गुंडाळलेलं पिल्लू बाहेर येतं, आई पाणमोट फाडते, तोंड-नाक चाटून मोकळं करते, नाळ तोडते. खडबडीत जिभेनं रगडणं बघून 'अगं, हळू' म्हणावंसं वाटतं. पण त्या रगडण्यानंच पिल्लाचा श्वास सुरू होतो. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं ते तासभर जातो. काही पिल्लं मागच्या पायांनी येतात, मांजरीत हे नेहमीचं आहे. प्रत्येकामागे वार पडते आणि ती वार आई खाते. खाऊ द्या. मांजरीची वार तिजोरीत ठेवली की पैशाला बरकत येते, अशी एक समजूत आपल्याकडे आहे, आणि तिच्यापायी लोंबणारी वार ओढून काढणारे लोकही आहेत. ओढलेल्या नाळेनं पिल्लाच्या बेंबीला आणि आईच्या गर्भाशयाला इजा होते. वारा मोजा मात्र, पिल्लं तितक्या वारा.

कधीकधी दोन पिल्लं झाल्यावर सगळं थांबतं. मनी निवांत दूध पाजते, पाणी पिते, झोपते आणि बऱ्याच तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, उरलेली पिल्लं होतात. ती शांत असेल तर हे चालतं. मनातली शंका डॉक्टरांना फोन करून विचारून घ्यावी.

पळायचं कधी, ते नीट लक्षात ठेवा. वीस-तीस मिनिटं सलग जोर लावूनही पिल्लू येत नाही. पिल्लाचा भाग किंवा पाणमोट बाहेर दिसते आणि दहा मिनिटांत सुटत नाही. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा किंवा घाण वासाचा स्राव येतो. ताजं लाल रक्त वाहत राहतं. आत पिल्लं आहेत, ती कळवळते आहे, आणि दोन तास काही झालेलं नाही. ती गळून पडली आहे, हाकेला मान उचलत नाही. यातलं एकही दिसलं तर 'सकाळी बघू' नको. अडकलेलं पिल्लू ओढू नका, खोक्यासकट गाडीत घाला.

हात घालायचा प्रसंग एकच. आई दमलेली किंवा गोंधळलेली आहे आणि मिनिटभरात पाणमोट फोडत नाही. तेव्हा धुतलेल्या बोटांनी ती पिल्लाच्या तोंडापाशी फाडा, नाक-तोंड पुसा, डोकं थोडं खाली धरून कोरड्या कापडानं पाठ चांगली रगडा. ते ओरडलं की आईपाशी ठेवा. नाळ तशीच राहिली तर पोटापासून इंचभर अंतरावर स्वच्छ दोऱ्यानं घट्ट बांधून त्याच्या पलीकडे कापा आणि टोकाला पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद नको.

पिल्लं

जन्मलेलं पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं. ते बघत नाही, ऐकत नाही आणि स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. शी-शूसुद्धा आईनं चाटल्याशिवाय होत नाही. पहिल्या दिवसात आईचा चीक पोटात जायलाच हवा. मांजरीच्या पिल्लाला रोगांशी लढायची ताकद जवळजवळ सगळी त्यातूनच मिळते.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे उपयोगी पडतो. आई जेवायला उठली की रोज एकाच वेळी प्रत्येक पिल्लाचं वजन लिहून ठेवा. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं आणि दोन आठवड्यांच्या आत वजन दुप्पट व्हायला हवं. वाढ थांबली, तर पिल्लू आजारी दिसायच्या आधी काटा सांगतो. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लांना टाकते, ही भीती हाताशी सरावलेल्या मांजरीच्या बाबतीत खोटी आहे. नवखी असेल तर दोन दिवस लांबूनच बघा.

साताऱ्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिल्लांना जड जातात. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लू दुसरीकडे सरकेल. शेगडी आणि धुरी नको, धुरानं पिल्लांच्या छातीला त्रास होतो. एखादं पिल्लू गार पडलेलं दिसलं तर आधी त्याला अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या, दूध नंतर. गार पिल्लाच्या पोटात गेलेलं दूध पचत नाही आणि त्यातच ते जातं.

आईला दूध नसेल किंवा आई गेली, तर गाईचं दूध हा उपाय नाही. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते. पिल्लाला पालथं ठेवून पाजायचं, उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसानं शी-शूची जागा चोळायची. ज्यांनी हे केलंय त्यांना विचारा, ती माणसं महिनाभर झोपलेली नसतात.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात नसतील, पण दोन-तीन जागा ती बदलते, कारण जागेला वास सुटतो, माणसं सारखी डोकावतात, बोका फिरकतो. बोक्याची भीती खरी आहे, परका बोका लहान पिल्लं मारू शकतो. खिडक्या लावा, अंथरूण बदलत राहा, पोरांना दोन आठवडे तरी लांब ठेवा. तिनं उचलून नेलीच तर पुन्हा पुन्हा आणून ठेवू नका.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. ओढून उघडू नका, पण मिटलेल्या पापणीमागे फुगवटा किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, कारण जंत आईच्या दुधातूनच येतात. चौथ्या आठवड्यात पाण्यात भिजवलेलं किटन खाद्य ताटलीत ठेवा, आधी ती त्यात पाय घालून चालतील. घमेल्यात साधी वाळू असू द्या, ओली झाल्यावर गोळा होणारी लिटर पिल्लं खातात आणि ती आतड्यात अडकते. लसीची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांना, रेबीजची साधारण तीन महिन्यांना.

मनीकडेही बघा

पिल्लांच्या कौतुकात तिच्याकडे कुणी बघत नाही. दोन-तीन आठवडे थोडा तांबूस-तपकिरी स्राव चालतो. त्याला घाण वास आला, ताप आला, तिनं खाणं सोडलं, तर गर्भाशयात संसर्ग आहे. सड तापलेला, दगडासारखा कडक आणि लाल असेल तर तो सडाचा दाह. आणि ती थरथरायला लागली, पाय ताठ झाले, धाप लागली, चालताना तोल गेला, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलं आहे. यात तासाभराचाही उशीर महागात पडतो, शिरेतून औषध द्यावं लागतं.

पिल्लं आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नयेत. दहा-बारा आठवडे राहिली तर आणखी चांगलं, चावायचं किती आणि नखं आत कशी घ्यायची हे ती भावंडांत शिकतात. सगळी एकदम देऊन टाकू नका, काही दिवसांच्या अंतरानं एकेक दिलं की आईचं दूध हळूहळू आटतं आणि सड ठणकत नाहीत. पोत्यात घालून मंडईत किंवा कासच्या रस्त्यावर सोडून येण्याला आपल्याकडे 'सोडणं' इतकं साधं नाव असलं, तरी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार तो गुन्हा आहे.

अंगावर पाजत असतानाही मनी काही आठवड्यांत पुन्हा माजावर येऊ शकते, आणि वर्षाला दोन-तीन वेतं सहज होतात. म्हणून पिल्लांच्या पहिल्या महिन्यातच नसबंदीच्या शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांकडे बोलून ठेवा. पिल्लं तुटून दूध आटलं, म्हणजे व्याल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास, ती करता येते. तोवर संध्याकाळनंतर माळ्याची खिडकी बंद. घरात राहिलेल्या पिल्लाची वेळ चार-पाच महिन्यांना येते, बोका असला तरी.